गाडीचे कूलंट आणि हीटर : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत दोन तक्रारी वारंवार दिसतात : इंजिन फार तापते आणि हीटर मुळीच तापत नाही. वाचकांना ही दोन वेगळी दुखणी वाटतात, परंतु हीटर हा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्याच वाटेवरचा एक फाटा आहे. इंजिनातून तापून निघालेले हे पाणी, म्हणजे कूलंट, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, फिरून परत जाते आणि त्यावरून पंख्याने ढकललेली हवा गाडीत ऊब आणते. म्हणूनच हीटर अचानक गार पडणे ही पुष्कळदा इंजिनाचे पाणी कमी झाल्याची पहिली सूचना असते. या दोन्ही तक्रारींची उत्तरे त्यामुळे एकत्र दिली आहेत.

कोणत्याही कामाआधी एक गोष्ट पाळायलाच हवी. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये. आतले कूलंट साधारण १ बार दाबाखाली असते आणि त्या दाबामुळेच ते १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो, कूलंट त्या क्षणी उकळून उसळते आणि हात, चेहरा भाजून निघतो. रेडिएटरचा वरचा होज पाइप मुठीत निर्धास्त धरता येईल इतका गार झाला आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच झाकणाला हात लावावा.

प्रश्न : माझ्या गाडीतले कूलंट हळूहळू कमी होते. गाडीखाली एकही थेंब दिसत नाही. मी दर वेळी नळाचे पाणी घालून पातळी भरून काढतो. इतक्या जुन्या गाडीत एवढे कूलंट खर्च होणे साहजिक आहे का?

उत्तर : नाही. कूलंट इंधनासारखे खर्च होत नाही. पातळी खाली गेली, म्हणजे ते कुठून तरी बाहेर पडत आहे किंवा इंजिनाच्या आत शिरत आहे, आणि ती वाट शोधल्याशिवाय नुसते भरत राहणे म्हणजे दुखणे वाढू देणे होय. मात्र पातळी खरोखर उतरते आहे का, याची आधी खातरजमा करावी. कूलंट तापले की फुगते आणि निवले की आकसते, त्यामुळे संध्याकाळी गरम गाडीत पाहिलेली पातळी सकाळी खाली दिसणारच. टाकीवर बाहेरून चिकटपट्टीची खूण करावी आणि नेहमी सपाट जागी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतच पातळी पाहावी.

जमिनीवर थेंब दिसत नाही, याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. बारीक पाझर गरम धातूवर पसरतो आणि खाली पोहोचण्याआधीच त्यातले पाणी वाळून जाते. मागे राहतो तो पांढुरका किंवा कूलंटच्याच रंगाचा खरबरीत थर, आणि शोधायचा असतो तो हाच थर. थंड इंजिनावर टॉर्च घेऊन प्रत्येक होज पाइपचे टोक पाहावे, कारण क्लॅम्पखालचे रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते आणि पकड सैल पडते. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना, जिथे प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जोडलेली असते, त्या सांध्यावरून बोट फिरवावे. त्यानंतर वॉटर पंपाकडे वळावे. पंपाच्या अंगावर, बहुधा खालच्या बाजूस, एक बारीक छिद्र असते. ते मुद्दाम ठेवलेले असते : आतले सील झिजले की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावे, एवढ्यासाठी. या छिद्राखाली ओघळाची वाळलेली रेघ दिसली, तर पंप बदलण्याची वेळ आली आहे. ते छिद्र बुजवण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास कूलंट बेअरिंगमध्ये शिरून ते निकामी करते.

झाकणाचा संशय फार थोड्यांना येतो आणि माझ्या मते सर्वांत आधी तपासावी अशी तीच वस्तू आहे. त्यात दोन झडपा असतात. एक ठरावीक दाब झाला की उघडते आणि जास्तीचे कूलंट टाकीत जाऊ देते, तर दुसरी इंजिन निवताना उलट दिशेने ते परत आत घेते. पहिली कमजोर झाली की कूलंट लवकर उकळून बाहेर फेकले जाते. दुसरी अडकली, तर निवलेल्या गाडीचा वरचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा झालेला दिसतो. झाकणाचे रबर चिरलेले असेल, तर तेवढाच दाब लिहिलेले नवे झाकण आणावे. अधिक दाबाचे झाकण लावल्याने गाडी सुधारत नाही. जुन्या सांध्यांवर भार तेवढा वाढतो.

एवढे करूनही वाट सापडली नाही, तर हातपंपासारखा प्रेशर टेस्टर मिळवावा. तो थंड इंजिनावर झाकणाच्या जागी बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यावा आणि १०-१५ मिनिटे थांबावे. काटा उतरला आणि बाहेर कुठेही ओल दिसली नाही, तर समोरच्या सीटपुढचा गालिचा उचलून पाहावा, कारण हीटर कोअर गळत असेल तर तो ओला होतो. तोही कोरडा असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलचा, विचार करावा लागतो. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, गार गाडी सुरू करताच काही क्षणांत वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणे, टाकीत सतत बुडबुडे येणे आणि डिपस्टिकवरचे ऑइल दुधी दिसणे ही त्याची लक्षणे होत. केवळ ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधी थर असेल, तर घाबरू नये. गार हवेत जवळच्या अंतरावर फिरणाऱ्या गाडीत तो बाष्पामुळेही जमतो. खात्रीसाठी निळ्या द्रवाची परीक्षानळी मिळते. टाकीच्या तोंडावरची हवा तिच्यातून ओढली आणि द्रव पिवळा पडला, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत आहे, असे समजावे. त्यापुढचे काम घरी करू नये. हेड सपाट आहे का ते मोजणे आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने आवळणे यांत तडजोड चालत नाही.

नळाच्या पाण्याविषयी : त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार गरम पृष्ठभागावर कवच धरतात आणि उष्णतेची वाट अडवतात. शिवाय दर वेळी नुसते पाणी घातल्याने गंजरोधक द्रव्ये विरळ होत जातात. अडचणीच्या वेळी नळाचे पाणी जरूर घालावे, पण घरी आल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरावे.

प्रश्न : कूलंट घरीच बदलले. तेव्हापासून गाडी उभी असताना हीटरमधून गार हवा येते, वेग घेतला की ती कोमट होते आणि पुन्हा थांबलो की गार. डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाजही येतो. हीटर कोअर बदलावा लागेल का?

उत्तर : बदलण्याची घाई करू नये. तुम्ही वर्णन केलेला आवाज कूलंटमध्ये अडकलेल्या हवेचा आहे. हीटर कोअर पुष्कळ गाड्यांत उंचावर असतो, हवा तिथेच साठते आणि मंद फिरणाऱ्या इंजिनाचा पंप ती ढकलू शकत नाही. वेग वाढला की प्रवाह जोर धरतो आणि थोडी ऊब पोहोचते. तुम्ही किती कूलंट काढले आणि किती भरले, हे आठवते का? ५ लिटर निघाले आणि ४ लिटरच आत गेले असेल, तर उरलेल्या १ लिटरच्या जागी हवा बसली आहे.

ती काढण्यासाठी गाडीचे नाक थोडे उंच राहील अशा चढावर गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना अडण लावावी. इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढून कूलंट काठोकाठ भरावे. हीटरचे बटण सर्वांत गरमवर, पंखा सर्वांत मंद, असे ठेवून इंजिन सुरू करावे. ज्या गाडीत हवा काढण्याचा स्क्रू असतो, तिथे तो थर्मोस्टॅटच्या (रेडिएटरची वाट तापमानानुसार उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेच्या) घराजवळ किंवा हीटरच्या पाइपावर सापडतो. तो थोडा सैल करावा आणि फसफस थांबून कूलंटची अखंड धार लागली की आवळावा. मधूनमधून वरचा होज पाइप हाताने दाबून सोडावा, म्हणजे अडकलेले बुडबुडे वर येतात. बुडबुडा आला की पातळी उतरते, तेवढे कूलंट घालत राहावे. पातळी वर चढू लागली की झाकण लगेच लावावे. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येऊन रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, नंतर गाडी पूर्ण निवू द्यावी आणि पातळी पुन्हा पाहावी. दुसऱ्या दिवशीही थोडे कूलंट घालावे लागते, त्यात वावगे काही नाही. विजेवर चालणारा वॉटर पंप असलेल्या काही गाड्यांत, विशेषतः हायब्रिड गाड्यांत, हे काम संगणक जोडून किंवा निर्वात यंत्राने भरूनच होते. पुस्तिकेत तसे लिहिले असेल, तर हट्ट धरू नये.

हवा निघूनही हीटर गार राहिला, तर हाताच्या स्पर्शाने निदान करता येते. इंजिनाच्या मागच्या भिंतीतून डॅशबोर्डकडे जाणारे दोन रबरी पाइप असतात. इंजिन नीट तापल्यावर, पट्टे आणि पंखा यांपासून बाही दूर ठेवून, या दोन्हींना क्षणभर स्पर्श करावा. दोन्ही कडक गरम असतील, तर कूलंट आपले काम करत आहे. दोष हवेच्या वाटेत आहे, म्हणजे गरम व गार हवा मिसळणारी झडप हलत नसावी किंवा केबिनचा फिल्टर गच्च भरला असावा. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर हीटर कोअर तुंबला आहे किंवा त्याच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही कोमट असतील, तर कूलंट कमी आहे, हवा अजून आत आहे किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे.

तुंबलेला कोअर पुष्कळदा धुऊन मोकळा होतो. गार इंजिनावर दोन्ही पाइप सोडवावेत. जुना पाइप पिळून ओढू नये, कारण कोअरची नळी पातळ असते आणि ती वाकली तर साधे काम मोठे होते. पाइप सुटत नसेल, तर तो उभा चिरून काढावा आणि नवा घालावा. मग कूलंट ज्या नळीतून बाहेर येते तिथून, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने, बागेच्या नळीने अगदी हलक्या दाबाने पाणी सोडावे. सुरुवातीला तपकिरी गाळ येतो, नंतर पाणी स्वच्छ होते. दिशा एकदोनदा बदलून पाहावी. हे सर्व पाणी बादलीत धरावे, ते का याचे उत्तर पुढे दिले आहे.

प्रश्न : गाडी तापते म्हणून एका परिचिताने थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला दिला. त्यामुळे गाडी कायमची थंड राहील, असे ते म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : हा सल्ला मानू नये. गार इंजिनात थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवून ते लवकर तापू देतो आणि इंजिनाच्या बनावटीनुसार साधारण ८२ ते ९५ अंशांदरम्यान ती वाट उघडतो. तो नसेल, तर इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते किंवा पोहोचतच नाही, इंधन अधिक जळते, ऑइलमध्ये बाष्प साठून राहते, झीज वाढते आणि हीटर तर कोमटच राहतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट एक वाट उघडताना दुसरी, रेडिएटर वगळून जाणारी वाट बंद करतो. अशा इंजिनातून तो काढला, तर बरेचसे कूलंट रेडिएटरकडे न जाताच फिरत राहते आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते.

थर्मोस्टॅटवर संशय असेल, तर तो काढून तपासणे सोपे आहे. स्वयंपाकासाठी पुन्हा वापरायचे नाही असे एक भांडे पाण्याने भरावे, थर्मोस्टॅट दोऱ्याने त्यात असा टांगावा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी सावकाश तापवावे. मधल्या नळकांड्यात भरलेले मेण वितळून फुगते आणि स्प्रिंगविरुद्ध झडप ढकलते. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तोंडाशी केसाएवढी फट दिसली पाहिजे आणि आणखी १०-१५ अंश वाढल्यावर झडप पूर्ण उघडली पाहिजे. गार पाण्यात टाकल्यावर ती घट्ट मिटावी. यांतले एकही झाले नाही, तर नवा बसवावा, त्याबरोबर नवे गॅस्केट घालावे आणि स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवावी. काठावर लहानशी हलणारी पिन असेल, तर ती सर्वांत वर यावी. तिच्यातून हवा निसटते.

प्रश्न : वाहतुकीत अडकले की काटा वर चढतो, मोकळ्या रस्त्याला लागले की उतरतो. एकदा तर काटा लाल पट्ट्यापर्यंत गेला. अशा वेळी रस्त्यात काय करावे?

उत्तर : उभ्या गाडीत तापते आणि वेगात निवते, याचा अर्थ रेडिएटरवरून वारा जात नाही, पंखा बंद असावा. एसी लावून पाहावा, कारण बहुतेक गाड्यांत त्याबरोबर रेडिएटरचा पंखाही फिरतो. फिरत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा, मग त्याच क्रमांकाचा शेजारचा रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) अदलाबदल करून पाहावा आणि त्यानंतरच मोटरला दोष द्यावा. हे तपासताना बोटे पात्यांपासून दूर ठेवावीत. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, पिसे, पालापाचोळा यांचा जाड थर बसतो आणि तो समोरून दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या धारेने पाणी मारून तो काढावा. याउलट, जी गाडी उभी असताना ठीक राहते आणि वेगात किंवा चढावर तापते, तिचा रेडिएटर आतून तुंबलेला असतो, पंपाची पाती झिजलेली असतात किंवा खालचा होज पाइप ओढीने आत बसत असतो.

रस्त्यात काटा वर चढू लागला की एसी बंद करावा, हीटर सर्वांत गरमवर आणि पंखा पूर्ण वेगात लावावा. गाडीत असह्य उकडेल, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर निघते. सुरक्षित जागा मिळताच थांबावे, इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास झाकणाकडे फिरकू नये. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली पडला, तर हायसे वाटून घेऊ नये. बहुधा कूलंट इतके कमी झालेले असते की सेन्सर कोरडा पडतो आणि खरे तापमान सांगू शकत नाही. ही अवस्था सर्वांत धोक्याची असते. इंजिन त्या क्षणी बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी.

प्रश्न : हिरवे, लाल, निळे, गुलाबी अशी कूलंट मिळतात. रंग सारखा असेल तर दोन कंपन्यांचे कूलंट मिसळले तर चालते का? आणि पाणी किती घालावे?

उत्तर : रंगावर विसंबू नये. रंग हा उत्पादक आपल्या इच्छेने घालतो; त्यावरून आतली गंजरोधक द्रव्ये कळत नाहीत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखी अकार्बनी द्रव्ये असतात आणि ते साधारण २ वर्षांत बदलावे लागते, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेले कूलंट ५ वर्षे किंवा अधिकही टिकते. ही दोन्ही मिसळली, तर संरक्षणाचा काळ घटतो आणि काही जोड्यांत चिकट गाळ तयार होतो. गाडीच्या पुस्तिकेत मानकाचा क्रमांक असतो, तो डब्यावर पाहून मगच घ्यावे.

प्रमाण बहुतेक गाड्यांना निम्मे-निम्मे योग्य असते. इथिलीन ग्लायकोल या कूलंटमधल्या मुख्य द्रव्याचे असे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते, साध्या दाबाला सुमारे १०७ अंशांवर उकळते आणि झाकणाच्या दाबाखाली १२५ अंशांपलीकडेही टिकते. अधिक ग्लायकोल म्हणजे अधिक संरक्षण, असा समज मात्र चुकीचा आहे. शुद्ध ग्लायकोल उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठते आणि पाण्याच्या तुलनेत उष्णताही कमी वाहून नेते. पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड असावे. इंजिन आतून पाण्याने धुतले असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते : सगळे पाणी कधीच निघत नाही, म्हणून तयार मिश्रण भरल्यास ते पातळ होते. अशा वेळी पुस्तिकेतली एकूण क्षमता ६ लिटर असेल, तर आधी ३ लिटर निखळ कूलंट ओतावे आणि उरलेली जागा पाण्याने भरावी.

प्रश्न : हीटर लावला की गाडीत गोडसर वास येतो, पुढची काच आतून तेलकट धुक्याने भरते आणि शेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला होतो. गळती बंद करणारी पावडर टाकून भागेल का?

उत्तर : तुमचा हीटर कोअर गळत आहे, यात शंका घेण्यासारखे फारसे काही नाही. पावडर किंवा द्रव टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. फटीत जाऊन घट्ट होणारी ती द्रव्ये कोअरच्या बारीक नळ्यांतही तशीच घट्ट होतात आणि आज गळणारा हीटर उद्या तुंबलेला हीटर होतो. कोअर बदलणे हाच उपाय आहे. काही गाड्यांत तो पायांजवळच्या दोन पट्ट्या काढल्या की हाती येतो, तर काहींत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि त्यात एअरबॅगच्या जोडण्याही येतात; तशा गाडीचे काम घरी करू नये. तोपर्यंत गाडी चालवणे अपरिहार्य असेल, तर इंजिनाच्या बाजूला कोअरचे दोन्ही पाइप सोडवून त्यांची वाट योग्य मापाच्या नळीने आणि दोन क्लॅम्पनी एकमेकांना जोडावी. हीटर बंद राहील, काचेवरचे धुके सहज निघणार नाही, पण इंजिनाचे कूलंट सुरक्षित राहील. ओला गालिचा उचलून, खालचा फोम धुऊन वाळवल्याशिवाय वास जात नाही.

प्रश्न : काढलेले जुने कूलंट कुठे टाकावे? आमच्याकडे लहान मुले आणि कुत्रा आहे.

उत्तर : म्हणूनच तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असते, त्यामुळे जनावरे ते चाटतात आणि मुलांनाही ते प्यावेसे वाटू शकते. शरीरात गेल्यावर यकृत त्याचे आम्लांत रूपांतर करते आणि त्यातून बनणारे ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. सुरुवातीला दारू प्यायल्यासारखी गुंगी एवढेच लक्षण दिसते आणि काही वेळाने ते ओसरल्यासारखे वाटते, तरीही आत विषाचे काम चालूच असते. कोणाच्याही पोटात गेल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता डबा सोबत घेऊन तत्काळ डॉक्टरांकडे, जनावराच्या बाबतीत पशुवैद्याकडे जावे. वेळेत पोहोचल्यास त्यावर उतारा आहे. काम चालू असताना कूलंटचे भांडे उघडे ठेवून आत जाऊ नये, सांडलेले लगेच पुसावे, जागा भरपूर पाण्याने धुवावी आणि पुसलेली फडकी झाकणाच्या डब्यात टाकावीत. जुने कूलंट मातीत, गटारात किंवा पावसाच्या पाण्याच्या नाल्यात ओतू नये. झाकणाच्या मजबूत डब्यात, मोठ्या अक्षरांत ‘विष’ असे लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावे आणि जुने ऑइल व घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात किंवा ते घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरू नये. रंगीत, गोड द्रव असलेली ओळखीची बाटली मुलाने उघडली नाही तरच नवल.